तुर्कस्तान : घटना तीच, दिशा वेगळी

२० मार्च २०२१ रोजी, शनिवारच्या पहाटे, तुर्कस्तानच्या राजपत्रात अध्यक्ष रिसेप तय्यिप एर्दोगन यांच्या सहीचे दोन हुकूम प्रसिद्ध झाले. पहिल्या हुकमान्वये स्त्रियांवरील अत्याचारांना आळा घालण्यासाठी झालेल्या ‘इस्तंबूल करारा’तून तुर्कस्तान बाहेर पडला. हा करार २०११ मध्ये त्याच देशाच्या भूमीवर झाला होता आणि त्याला सर्वप्रथम संमती देणारा देशही तुर्कस्तानच होता. दुसऱ्या हुकमान्वये मध्यवर्ती बँकेचे गव्हर्नर नाजी आबाल यांना पदावरून दूर करण्यात आले. महागाई आवरण्यासाठी दोनच दिवसांपूर्वी त्यांनी व्याजदर १९ टक्क्यांवर नेला होता. सोमवारी बाजार उघडताच लिराचे मूल्य दहा टक्क्यांहून अधिक कोसळले.

वरवर पाहता या दोन निर्णयांचा एकमेकांशी काही संबंध नाही. एक कुटुंबव्यवस्थेविषयीचा, तर दुसरा चलनविषयक. परंतु गेल्या दशकभरातील तुर्कस्तान समजून घ्यायचा असेल तर ते एकाच वेळी, एकाच सहीने आणि संसदेला बाजूस ठेवून घेतले गेले, ही बाब फार महत्त्वाची ठरते. स्त्रियांना संरक्षण देणारा करार कुटुंबसंस्था मोडतो आणि समलिंगी संबंधांना उत्तेजन देतो, अशी धार्मिक गटांची तक्रार होती. व्याज हे तर धर्मानेच निषिद्ध मानलेले. अर्थव्यवस्था जसजशी डळमळीत होत गेली आणि जुने मित्र जसजसे दुरावत गेले, तसतसा अंकाराच्या राज्यकर्त्यांनी धर्माचा आधार अधिक घट्ट धरला.

विशेष म्हणजे हे सारे घडत असताना राज्यघटनेतील धर्मनिरपेक्षतेचे कलम जसेच्या तसे आहे. १९८२ च्या घटनेचे दुसरे कलम तुर्कस्तान हे लोकशाहीवादी, धर्मनिरपेक्ष आणि सामाजिक स्वरूपाचे कायद्याचे राज्य असल्याचे सांगते. चौथे कलम तर पहिल्या तीन कलमांत बदल करण्याचा प्रस्तावसुद्धा मांडता येणार नाही, असे बजावते. एप्रिल २०१६ मध्ये संसदेचे तत्कालीन सभापती इस्माईल कहरामान यांनी नव्या घटनेत धर्मनिरपेक्षतेला स्थान नको, असे विधान केले तेव्हा गदारोळ उठला आणि खुद्द एर्दोगन यांनीही त्या मतापासून स्वतःला दूर ठेवले. घटनेचे अक्षरही न बदलता राज्याचे वळण कसे बदलता येते, हे पाहण्यासाठी मागे, थेट प्रजासत्ताकाच्या स्थापनेपर्यंत जावे लागते.

मुस्तफा केमाल पाशाने २९ ऑक्टोबर १९२३ रोजी प्रजासत्ताकाची घोषणा केली आणि ३ मार्च १९२४ रोजी खिलाफत बरखास्त केली. ज्या खिलाफतीच्या रक्षणासाठी भारतात गांधीजींच्या पाठिंब्याने आंदोलन उभे राहिले होते, ती तुर्कांनी स्वतःच मोडीत काढली. अखेरचा खलिफा अब्दुल मजीद युरोपात परागंदा झाला. त्याची कन्या दुर्रुशेहवार १९३१ मध्ये हैदराबादच्या निजामाची थोरली सून झाली. या खलिफासाठी निजामाने मराठवाड्यात खुलताबादजवळ कबरीची वास्तू बांधवली, पण तेथे त्याचे दफन कधीच झाले नाही. ती रिकामी वास्तू इस्तंबूलच्या त्या इतिहासाची महाराष्ट्रातील एक विस्मृत खूण आहे.

त्यानंतरच्या सुधारणांचा वेग थक्क करणारा होता. १९२५ मध्ये फेझ टोपीवर बंदी आली आणि दर्वेशांचे मठ बंद झाले. १९२६ मध्ये स्वित्झर्लंडच्या धर्तीवर दिवाणी कायदा आला. १९२८ मध्ये इस्लाम हा राज्याचा धर्म असल्याचा उल्लेख घटनेतून वगळला गेला आणि अरबी लिपीच्या जागी रोमन लिपी आली. १९३४ मध्ये स्त्रियांना संसदेच्या निवडणुकीत मताधिकार मिळाला. १९३२ पासून तर मशिदींतील अजानही अरबीऐवजी तुर्की भाषेत देण्याची सक्ती झाली.

या यादीतील शेवटची गोष्ट नीट पाहिली पाहिजे. धर्मापासून अलिप्त राहणारे राज्य अजान कोणत्या भाषेत द्यावी, हे ठरवीत नाही. केमाल पाशाची धर्मनिरपेक्षता ही धर्म आणि राज्य यांची फारकत नव्हती. ते राज्याचे धर्मावरील नियंत्रण होते. खिलाफत ज्या दिवशी रद्द झाली, त्याच दिवशी ‘दियानेत’ हे धर्मव्यवहार खाते स्थापन झाले. देशातील मशिदी, तेथील इमाम, त्यांचे पगार आणि शुक्रवारच्या प्रवचनाचा मजकूर या साऱ्यांवर सरकारचा ताबा आला. मौलवींनी राजकारण करू नये म्हणून ही लगाम घातली गेली. मात्र लगाम ज्याच्या हाती, त्याच्या मर्जीने घोडा चालणार, हे त्या पिढीच्या ध्यानात आले नाही. किंवा लगाम दुसऱ्या कोणाच्या हाती जाईल, असे तिला वाटलेच नाही.

ती वेळ फार लवकर आली. १९५० मध्ये पहिल्या खऱ्याखुऱ्या बहुपक्षीय निवडणुकीत अदनान मेंदेरेस सत्तेवर आले आणि काही आठवड्यांतच अजान पुन्हा अरबीत सुरू झाली. लष्कराने १९६० मध्ये त्यांना पदच्युत केले आणि १९६१ मध्ये फासावर चढविले. १९८० मध्ये बंड करून आलेल्या सेनानींनी स्वतःला केमालचे वारसदार म्हणवून घेतले खरे, पण डाव्या चळवळींना उतारा म्हणून त्यांनीच १९८२ च्या घटनेत शाळांमधील धर्मशिक्षण सक्तीचे केले. हे शिक्षण सुन्नी पंथाचे होते. देशातील मोठा अल्पसंख्य समाज असलेल्या अलेवी पंथीयांनी याविरुद्ध युरोपीय मानवाधिकार न्यायालयात दाद मागितली आणि २००७ मध्ये निकालही त्यांच्या बाजूने लागला. तात्पर्य, धर्माला राज्याच्या कामाला जुंपण्याची कला एर्दोगन यांनी शोधलेली नाही. ती त्यांना आयती मिळाली.

दुसऱ्या बाजूची व्यथाही खोटी नव्हती. हिजाब घातलेल्या मुलींना विद्यापीठाच्या दारातून परत पाठविले जात असे. १९९९ मध्ये मेर्वे कावाकची या निवडून आलेल्या महिलेला हिजाबमुळे संसदेत शपथही घेऊ दिली गेली नाही. १९९७ मध्ये लष्कराने दबाव आणून नेजमेत्तिन एर्बाकान यांचे इस्लामवादी नेतृत्वाखालील सरकार घालविले. त्यांच्याच पक्षाचे, इस्तंबूलचे तेव्हाचे महापौर एर्दोगन यांना सभेत कविता म्हटल्याबद्दल शिक्षा झाली आणि १९९९ मध्ये त्यांनी चार महिने तुरुंगात काढले. अनातोलियातील लहान गावांतून शहरात आलेल्या, कष्टाळू आणि श्रद्धाळू वर्गाच्या मनात त्या काळी जो सल रुजला, त्यावरच पुढचे राजकारण उभे राहिले.

२००१ मध्ये तुर्कस्तानची बँकव्यवस्था कोसळली. नाणेनिधीकडे हात पसरावे लागले. त्या आर्थिक पडझडीत सगळे जुने पक्ष बदनाम झाले आणि नोव्हेंबर २००२ मध्ये एर्दोगन यांच्या अवघ्या सव्वा वर्षाच्या ‘न्याय आणि विकास पक्षा’ने ३४ टक्के मतांवर ५५० पैकी ३६३ जागा मिळविल्या. म्हणजे हा पक्ष सत्तेवर आला तो धर्माच्या लाटेवर नव्हे, तर आर्थिक संकटाच्या लाटेवर. पुढील काही वर्षे त्याने कारभारही उत्तम केला. नाणेनिधीच्या शिस्तीचे पालन केले. २००५ मध्ये चलनावरची सहा शून्ये उडविली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये युरोपीय संघाशी सदस्यत्वाची बोलणी सुरू झाली.

युरोपचा हा मार्ग त्या पक्षाला दुहेरी लाभाचा होता. व्यापार आणि भांडवल तर येणारच होते; शिवाय सदस्यत्वासाठी लष्कराला राजकारणातून बाहेर काढण्याची अट होती आणि एर्दोगन यांना नेमके तेच हवे होते. २००८ मध्ये घटना न्यायालयात त्यांच्या पक्षावर बंदीची मागणी झाली. अकरापैकी सहा न्यायाधीशांनी बंदीच्या बाजूने कौल दिला. सात हवे होते. एका मताने वाचलेल्या या पक्षाला युरोपची ढाल किती मोलाची वाटत असेल, हे सांगणे नको. सप्टेंबर २०११ मध्ये कैरोला गेलेल्या एर्दोगन यांनी इजिप्तच्या जनतेला धर्मनिरपेक्ष घटनेला भिऊ नका, असा सल्ला दिला होता आणि त्याबद्दल तेथील मुस्लिम ब्रदरहूडचा रोष ओढवून घेतला होता. आज ते खरेही वाटत नाही.

मग बिनसले कोठे? सायप्रसच्या वादामुळे २००६ मध्येच युरोपशी चाललेल्या बोलण्यांतील आठ प्रकरणे गोठविण्यात आली. फ्रान्सचे निकोला सार्कोझी आणि जर्मनीच्या अँगेला मर्केल यांना तुर्कस्तान पूर्ण सदस्य म्हणून नकोच होता आणि त्यांनी ते लपविलेही नाही. दार उघडणार नाही हे एकदा कळल्यावर दारात उभे राहून शिस्त पाळण्याचे कारण उरले नाही. दरम्यान लष्कराचा काटाही निघाला होता. २०१३ मध्ये इस्तंबूलच्या गेझी उद्यानात निदर्शने झाली, ती बळाने मोडून काढण्यात आली. जुलै २०१६ मध्ये लष्करातील एका गटाने बंडाचा प्रयत्न केला. त्यात सुमारे अडीचशे लोकांचा बळी गेला. त्या रात्री जनतेला रस्त्यावर उतरविण्यासाठी मशिदींच्या मिनारांवरून हाका देण्यात आल्या. दियानेतची यंत्रणा अशी प्रथमच उघडपणे राज्यकर्त्यांच्या रक्षणासाठी धावून आली. नंतरच्या आणीबाणीत लाखाहून अधिक सरकारी कर्मचारी बडतर्फ झाले आणि एप्रिल २०१७ मध्ये ५१ टक्क्यांच्या निसटत्या सार्वमताने संसदीय पद्धत जाऊन अध्यक्षीय राजवट आली.

धर्मनिरपेक्षतेची झीज झाली ती या काळात, आणि ती कलमांतून नव्हे तर खात्यांतून झाली. इमाम घडविणाऱ्या ‘इमाम-हातिप’ शाळांमध्ये २००२ साली लाखभरही विद्यार्थी नव्हते. २०१२ च्या शिक्षण कायद्याने या शाळा माध्यमिक टप्प्यावर पुन्हा सुरू झाल्या आणि विद्यार्थीसंख्या दहा लाखांपलीकडे गेली. २०१३ मध्ये रात्री दहानंतर दुकानांतून मद्यविक्रीला बंदी झाली. २०१७ मध्ये उत्क्रांतीचा धडा शालेय अभ्यासक्रमातून गळाला आणि त्याच वर्षी मुफ्तींना नागरी विवाह लावण्याचा अधिकार मिळाला. यांतील एकेक निर्णय सुटा पाहिला तर फार मोठा वाटत नाही. हिजाबवरील बंदी उठणे हे तर नागरी स्वातंत्र्याच्या दृष्टीने स्वागतार्हच होते. पण सगळे एकत्र ठेवले की राज्य कोणत्या नागरिकाला आपले मानते, हे कळू लागते.

हागिया सोफियाचा निर्णय या मालिकेतील सर्वांत गाजलेला. सम्राट जस्टिनियनने सन ५३७ मध्ये पूर्ण केलेले हे भव्य चर्च १४५३ मध्ये मशीद झाले आणि १९३४ मध्ये केमाल पाशाच्या मंत्रिमंडळाने त्याचे संग्रहालय केले. १० जुलै २०२० रोजी सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने तो १९३४ चा निर्णय रद्दबातल ठरविला आणि २४ जुलै रोजी, म्हणजे लोझानच्या तहाच्या वर्धापनदिनी, तेथे ८६ वर्षांनी शुक्रवारची नमाज झाली. दियानेतचे तत्कालीन प्रमुख अली एरबाश हे हाती तलवार घेऊन प्रवचनपीठावर चढले. तो उन्हाळा कसा होता, हे आठवले तर या मुहूर्ताचा अर्थ अधिक उलगडतो. करोनाने पर्यटन ठप्प केले होते. लिरा घसरत होता. पूर्व भूमध्य समुद्रात वायुसाठ्यांवरून ग्रीस आणि फ्रान्स यांच्याशी तणाव वाढला होता. रशियाकडून एस-४०० क्षेपणास्त्रे घेतल्यामुळे अमेरिकेने २०१९ मध्येच एफ-३५ विमानांच्या प्रकल्पातून तुर्कस्तानला वगळले होते. २०१९ च्या स्थानिक निवडणुकीत पक्षाने इस्तंबूल आणि अंकारा ही दोन्ही शहरे गमावली होती. देण्यासारखे दुसरे काही हाती नसताना दिलेली ती भेट होती.

परंतु धर्माची खरी कसोटी लागली ती अर्थकारणात. तुर्कस्तानची वाढ ही स्वस्त परकी कर्जावर आणि बांधकामावर पोसलेली. तेल व वायू बहुतांशी आयात होतात. खासगी कंपन्यांची कर्जे डॉलर-युरोत. अशा देशात चलन घसरले की महागाईही वाढते आणि कर्जाचा बोजाही. ऑगस्ट २०१८ मध्ये अमेरिकी धर्मोपदेशक अँड्र्यू ब्रन्सन यांच्या अटकेवरून ट्रम्प यांनी तुर्की पोलाद व अॅल्युमिनियमवरील आयातशुल्क दुप्पट केले, तेव्हा लिरा अक्षरशः कोलमडला. मध्यवर्ती बँकेपुढे अशा वेळी व्याजदर वाढविण्यावाचून फारसा पर्याय नसतो. एर्दोगन यांचा सिद्धांत मात्र नेमका उलटा. व्याज वाढल्यानेच महागाई वाढते, असे ते सांगत आले. १९ टक्क्यांचा दर सप्टेंबर ते डिसेंबर २०२१ या चार महिन्यांत १४ टक्क्यांवर आणला गेला. बाजार हवालदिल झाला, तेव्हा मुसलमान या नात्याने आपण धर्मग्रंथाची आज्ञाच पाळणार, असे अध्यक्षांनी जाहीरपणे सांगितले. अर्थशास्त्राचा वाद धर्माज्ञेच्या पातळीवर नेला की प्रतिवाद करणारा तज्ज्ञ आपोआप पाखंडी ठरतो, ही त्यातली सोय.

२० डिसेंबर २०२१ रोजी एका डॉलरला १८ लिरा मोजावे लागले. वर्षाच्या आरंभी हा भाव साडेसातच्या आसपास होता. त्याच रात्री सरकारने एक अजब योजना आणली. लिरामध्ये ठेव ठेवणाऱ्याचे विनिमय दरामुळे जे नुकसान होईल, ते सरकारी तिजोरी भरून देणार. म्हणजे निषिद्ध असलेले व्याज मागील दाराने परत आले आणि तेही करदात्यांच्या पैशातून, ज्यांच्याकडे ठेवी आहेत अशांसाठी. ऑक्टोबर २०२२ मध्ये महागाईचा सरकारी आकडा ८५ टक्क्यांवर गेला. इस्तंबूल महापालिकेच्या सवलतीच्या पावासाठी लोक रांगा लावू लागले.

परराष्ट्र धोरणातही श्रद्धेला व्यवहारापुढे वाकावे लागले. अरब देशांतील उठावांनंतर एर्दोगन यांनी मुस्लिम ब्रदरहूडची पाठराखण केली आणि त्यापायी इजिप्त, सौदी अरेबिया व संयुक्त अरब अमिराती यांच्याशी वैर पत्करले. सौदी पत्रकार जमाल खशोगी यांची ऑक्टोबर २०१८ मध्ये इस्तंबूलच्या सौदी वकिलातीत हत्या झाली, तेव्हा न्यायाची सर्वांत चढ्या आवाजात मागणी त्यांनीच केली होती. पुढे खजिना आटला. जानेवारी २०२२ मध्ये अमिरातीच्या मध्यवर्ती बँकेशी सुमारे ५ अब्ज डॉलरचा चलन-अदलाबदलीचा करार झाला. एप्रिलमध्ये तुर्की न्यायालयाने खशोगी खटला सौदी अरेबियाकडे सोपविला आणि महिना संपण्यापूर्वी एर्दोगन जेद्दाह येथे सौदी युवराजांना आलिंगन देताना दिसले.

मुस्लिम जगताच्या नेतृत्वाची ही आकांक्षा भारतालाही जाणवली आहे. सप्टेंबर २०१९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत एर्दोगन यांनी काश्मीरचा प्रश्न उपस्थित केला. मे २०२५ मधील भारत-पाकिस्तान संघर्षात पाकिस्तानने तुर्की बनावटीचे ड्रोन वापरले आणि अंकाराने इस्लामाबादची उघड बाजू घेतली. त्याची प्रतिक्रिया म्हणून पुण्याच्या मार्केट यार्डातील व्यापाऱ्यांनी तुर्कस्तानची सफरचंदे घेणे थांबविले.

एवढे होऊनही मे २०२३ मध्ये, पन्नास हजारांवर बळी घेणाऱ्या भूकंपाच्या पाठोपाठ, एर्दोगन दुसऱ्या फेरीत ५२ टक्के मतांनी निवडून आले. किमान वेतनातील वाढ आणि निवृत्तीच्या अटींतील सूट यांचा त्यात वाटा होता, तसाच कुटुंब व श्रद्धा धोक्यात असल्याच्या प्रचाराचाही. निवडणूक पार पडताच मात्र त्यांनी मेहमेत शिमशेक यांना अर्थमंत्री केले आणि साडेआठ टक्क्यांचा व्याजदर मार्च २०२४ पर्यंत ५० टक्क्यांवर गेला. धर्मग्रंथाचा दाखला त्या वेळी कोणी दिला नाही.

श्रद्धाळू मतदाराच्या हे लक्षात आले नाही, असे नव्हे. ३१ मार्च २०२४ च्या स्थानिक निवडणुकीत केमाल पाशाने स्थापलेला रिपब्लिकन पीपल्स पक्ष जवळपास ३८ टक्के मते मिळवून पहिला आला आणि एर्दोगन यांचा पक्ष प्रथमच देशपातळीवर दुसऱ्या क्रमांकावर घसरला. त्याहून बोलका निकाल तिसऱ्या क्रमांकाचा होता. एर्बाकान यांचे पुत्र फातिह यांच्या पक्षाने सहा टक्क्यांहून अधिक मते घेतली. गाझात युद्ध चालू असताना इस्रायलशी व्यापार कसा करता आणि निवृत्तांना पोटापुरते का देत नाही, हे दोन प्रश्न त्यांनी धर्माच्याच भाषेत विचारले होते. महिनाभरातच, मे २०२४ च्या आरंभी, अंकाराने इस्रायलशी व्यापार थांबविला. तरुण पिढीचे चित्र आणखी वेगळे आहे. कोंडा या संशोधन संस्थेच्या पाहणीनुसार २००८ ते २०१८ या दशकात स्वतःला धार्मिक म्हणविणाऱ्यांचे प्रमाण ५५ वरून ५१ टक्क्यांवर उतरले. इमाम-हातिप शाळांची सर्वाधिक भरभराट झाली ते हेच दशक.

मार्च २०२५ मध्ये इस्तंबूलचे महापौर एक्रेम इमामोग्लू यांना भ्रष्टाचाराच्या आरोपांवरून अटक झाली. आदल्याच दिवशी त्यांची पदवी रद्द करण्यात आली होती आणि अध्यक्षपदाची निवडणूक लढविण्यासाठी पदवी आवश्यक असते. लाखो लोक रस्त्यावर आले, लिरा सावरण्यासाठी मध्यवर्ती बँकेला अब्जावधी डॉलर विकावे लागले आणि एप्रिलमध्ये व्याजदर पुन्हा ४६ टक्क्यांवर चढवावा लागला. त्याच वर्षी डॉलरने ४० लिरांची पायरी ओलांडली. हागिया सोफियात नमाजींना अर्थातच विनामूल्य प्रवेश आहे. जानेवारी २०२४ पासून परदेशी पर्यटकांना वरच्या सज्जातून ती वास्तू पाहण्यासाठी २५ चे तिकीट ठेवण्यात आले. ते लिरांत नव्हे, युरोंत.